डासांचा बांध आणि शुक्रवारची सुट्टी

फ्लोरिडा म्हटलं की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना डिस्नेवर्ल्ड आणि मायामी आठवतं. मला कोणी विचारलं तर मी सॅनिबेलला जा म्हणून सांगतो. राज्याच्या नैऋत्य किनाऱ्याजवळचं हे छोटंसं बेट. एका अंगाला शिंपल्यांनी भरलेली पुळण, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारफुटी. कोकणात आपण जिला तिवरं म्हणतो, तिचीच ही लांबची भावंडं. खारफुटी, खाडी आणि दलदल मिळून सहा हजारांहून जास्त एकर जागा इथे अभयारण्य म्हणून राखलेली आहे आणि ती बघायला जगभरातून लोक येतात. पर्यटनाचा पैसा आणि निसर्ग या दोघांना एका गाडीला जुंपायचं कसं, याचा इथला इतिहास वाचण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात एका व्यंगचित्रकारापासून होते. जे नॉरवुड डार्लिंग हा आयोवा राज्यातल्या वर्तमानपत्राचा चित्रकार. 'डिंग' या नावाने सही करायचा. दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळवलेला माणूस. हा कट्टर रिपब्लिकन, पण १९३४ साली रूझवेल्ट यांनी त्यालाच वन्यजीव खात्याचा प्रमुख नेमलं. तिथे त्याने बदकांची शिकार करणाऱ्यांना एक डॉलरचं तिकीट सक्तीचं करणारी योजना मार्गी लावली. पहिल्या तिकिटावरचं चित्रही त्याचंच. तिकिटांच्या पैशातून पाणथळ जागा विकत घ्यायच्या! म्हणजे ज्याला बदक मारायचंय, त्यानेच बदकाच्या घराचे पैसे भरायचे. डार्लिंग हिवाळ्यात सॅनिबेलशेजारच्या कॅप्टिव्हा बेटावर राहायला यायचा. इथली खारफुटीची जमीन बिल्डरांच्या घशात जाणार असं दिसल्यावर त्याने वॉशिंग्टनला तगादा लावला आणि १९४५ साली इथे अभयारण्य झालं. १९६७ पासून त्याला डार्लिंगचंच नाव आहे.

अभयारण्यातून गाडीने जायला चारेक मैलांचा रस्ता आहे. गंमत म्हणजे हा रस्ता पर्यटकांसाठी झालाच नाही. तो आहे डासांसाठी घातलेला बांध! सप्टेंबर १९५० मध्ये सॅनिबेलवरच्या एका सापळ्यात एका रात्रीत साडेतीन लाखांहून जास्त डास सापडले होते. खाजणातले हे डास पाण्यात नाही, ओल्या चिखलात अंडी घालतात. मग पाणी चढलं की ती फुटतात. तेव्हा चिखल सतत पाण्याखाली ठेवला की डासांची पंचाईत. म्हणून १९६० च्या दशकात खारफुटीतून बांध घालून पाणी अडवलं. पण खारफुटीचं आयुष्य भरती-ओहोटीवर चालतं, पाणी कायमचं कोंडलं तर तिची मुळं गुदमरतात. त्यामुळे बांधाखालच्या मोऱ्यांमधून पाण्याची ये-जा सांभाळत राहावं लागतं. आणि त्याच बांधावरून आता पर्यटकांच्या गाड्या जातात.

खरी परीक्षा आली ती १९६३ मध्ये, बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलं गेल्यावर. डार्लिंग आदल्याच वर्षी वारला होता. तोवर फेरीबोटीने येणारं थोडंथोडकं माणूस आता गाड्या भरभरून यायला लागलं. जिल्ह्याच्या नियमांप्रमाणे या एवढ्याशा बेटावर ३०,००० घरं बांधता आली असती. रहिवासी हादरले. १९७४ मध्ये त्यांनी मतदान करून स्वतःची नगरपालिका काढली आणि १९७६ मध्ये आपला आराखडा मंजूर केला. घरांचा आकडा आठ हजारांच्या आत आणला.

मला इंजिनिअर म्हणून आवडतो तो हा आकडा काढायचा मार्ग. बेट सुंदर राहावं एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. गोडं पाणी किती, दलदल आणि खारफुटी कुठे, आणि चक्रीवादळ आलं तर या एकाच पुलावरून किती माणसं वेळेत बाहेर पडतील, असा हिशोब मांडला. २८ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळाने तो पूलच जागोजागी तोडला, तेव्हा हा प्रश्न किती खरा होता ते सगळ्यांनी पाहिलं.

बरं, घरांना मर्यादा घातली, पण पर्यटकांचं काय? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच बांधावरच्या पक्ष्यांची पाहणी होती. माणसं वाढली की पक्षी बांधापासून लांब सरकतात, हे अपेक्षितच. त्यातही कायम इथे राहणाऱ्यांपेक्षा हिवाळी पाहुणे पक्षी जास्त बिचकतात. पण गाडीत बसून जाणाऱ्यांपेक्षा गाडीतून उतरणारा माणूस पक्ष्यांना जास्त त्रास देतो! आपल्याला वाटतं पायी फिरणारा तो निसर्गप्रेमी. बगळ्याचं मत वेगळं आहे. आणखी एक नियम मला फार पटतो: दर शुक्रवारी हा रस्ता बंद. आठवड्यातून एक दिवस पक्ष्यांना माणसांपासून सुट्टी. त्या दिवशीचं प्रवेशशुल्क बुडतं, ते बुडू देतात.

आता दुसरी बाजू. घरं मोजकी ठेवली की त्यांच्या किमती चढणारच, तशा त्या चढल्या. हॉटेलात चादरी बदलणारे, भांडी घासणारे बरेचसे लोक पुलापलीकडून रोज येतात. त्यांना या बेटावर घर परवडत नाही. खारफुटी वाचली, पर्यटनाचा पैसाही आला, पण तिच्या शेजारी राहण्याचं सुख खिसा जड असणाऱ्यांनाच मिळालं. पर्यावरण आणि अर्थकारण यांचा समतोल असं आपण म्हणतो तेव्हा कोणाचं अर्थकारण, हे विचारायचं राहूनच जातं.

तरीही माझं मत सॅनिबेलच्या बाजूनेच पडतं. ३०,००० घरं झाली असती तर ना खारफुटी उरली असती, ना ती बघायला येणारे, ना त्या चादरी बदलण्याची नोकरी. 'इको' हा शब्द कुठल्याही रिसॉर्टच्या पाटीवर लिहिता येतो. सॅनिबेलने तो आकड्यात लिहिला: इतकीच घरं, याच रस्त्याने, आठवड्याचे सहाच दिवस. पुढच्या आराखड्यात त्या चादरी बदलणाऱ्यांसाठी किती घरं, हाही आकडा तितक्याच कडकपणे लिहिला, तर हिशोब पुरा होईल.