भास्कराचार्यांचं गणित आणि ग्रहणातलं दान

मायबाप श्रोतेहो, कीर्तन आटोपलं की शिकलेली पोरं पारावर गाठतात. "महाराज, देव आहे याला विज्ञानाचा पुरावा काय?" अशा पोरांवर रागावू नका. आपल्या खानदेश-बागलाणच्या अंगणातच याचं उत्तर दगडावर कोरून ठेवलेलं आहे.

नामपुराहून मालेगावमार्गे चाळीसगाव गाठा. तिथून पुढे डोंगराच्या कुशीत पाटणादेवी. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. लेख इ.स. १२०७ चा. यादव राजा सिंघण, त्याचा ज्योतिषी चांगदेव. हे योगी चांगदेव नव्हेत बरं का! हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. त्यात प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावं असं सांगितलंय. तेल्याच्या घाण्यावर गणिताचा दिवा जळत होता, माऊली!

आता हे आजोबा कोण? भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती'चा आरंभ गणेशवंदनेनं केला. म्हणजे माणूस श्रद्धावान. पण हिशेबाला बसले की कुणाची भीड नाही. पृथ्वी कशावर टेकलीय? पुराण म्हणतं, शेषावर. आचार्य विचारतात, मग शेष कशावर? त्याच्याखाली आणखी कोण? शेवटचा जर स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो, तर पृथ्वीच का नाही?

ग्रहणाचंही तसंच. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्याला चंद्र झाकतो, हे त्यांनी मांडलं. चंद्राला ग्रहण पूर्वेच्या बाजूनं लागतं, सूर्याला पश्चिमेच्या. एकच राहू दोघांना गिळत असता तर हा फरक का पडता? मात्र पुराणाचंही मन राखलं. ब्रह्मदेवाच्या वरानं राहू त्या सावलीत शिरतो, असं म्हणाले. पण नीट बघा, ग्रहणाची वेळ काढताना हिशेब धरला तो सावलीचा. गणितात राहूला जागा दिली नाही.

आणि गंमत ऐका. नातवाच्या मठाला ते दान मिळालं कधी? श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर! ज्या घराला ग्रहण म्हणजे सावली हे पक्कं ठाऊक, त्याच घरानं ग्रहणात दान घेतलं. ढोंग म्हणायचं का याला? मी नाही म्हणणार. सावली किती वाजता पडेल, हे गणित सांगतं. त्या घटकेला हात देण्यासाठी उघडावा, हे गणित सांगत नाही. ते धर्म सांगतो.

म्हणून पोरांनो, देवाचा पुरावा दुर्बिणीत शोधू नका. आणि दुर्बिणीत दिसला नाही म्हणून नाहीच, असा निकालही देऊ नका. आम्हा बुवालोकांनाही एक पथ्य आहे. विज्ञानानं काही नवं शोधलं की "हे आमच्या पोथीत होतंच" असं ठोकून द्यायचं नाही. भास्कराचार्य पृथ्वी स्थिर मानत. पुढच्यांनी ती फिरते हे सिद्ध केलं. त्यानं आचार्य लहान झाले का? विद्या दुरुस्त होत जाते, हाच तिचा मोठेपणा. देवाला असल्या दुरुस्तीवर उभा केला, तर दर पिढीला त्याचे पाय डगमगतील.

आचार्यांनी 'बीजगणिता'त शून्यानं भागून येणाऱ्या राशीला अनंत अच्युताची उपमा दिली. कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. जशी प्रलयात नि सृष्टीत जीवांच्या जाण्यायेण्यानं भगवंतात घटवाढ होत नाही. त्यांनी उपमा दिली, पुरावा म्हटलं नाही. जाणत्याची नम्रता ती हीच.

आता घरी जाऊन एवढं करा. पुढच्या ग्रहणात गरोदर लेकीसुनेला अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवू नका. चंद्रावर पडते ती आपल्याच धरणीमायेची सावली. आईच्या सावलीनं लेकराला बाधा होते का कधी? तिला पोटभर जेवू द्या. नाम घ्या, दान करा, आणि पोरांना अंगणात नेऊन ते ग्रहण दाखवा.

बोला, रामकृष्ण हरी!