आरपीजी गेम पुन्हा खेळावासा का वाटतो? विकत घेण्याआधी हे पाहा

कन्सोलसाठी नवा मोठा गेम घ्यायचा म्हणजे हजारो रुपयांचं काम. त्यात डाउनलोडचा ताण वेगळाच. ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम कॉम्प्युटरवर १५० जीबी जागा मागतो, कन्सोलवरही आकडा शंभराच्या पुढेच जातो. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यासारख्या गावात रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर १५० जीबी उतरवायचं म्हटलं, तर हिशेब सरळ १०० दिवसांचा होतो. एवढं करून घेतलेला गेम एकदा संपला की धूळ खात पडणार असेल, तर काय उपयोग? म्हणून पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: दुसऱ्यांदा खेळताना यात नवं काय मिळेल?

आरपीजी म्हणजे काय?

आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. यात तुम्ही एक पात्र घेता, लढत-शिकत त्याची ताकद वाढवता आणि बऱ्याचदा गोष्ट कुठे वळवायची तेही ठरवता. पुन्हा खेळण्याची मजा या तिसऱ्या भागातच जास्त असते.

१. निर्णयाची किंमत मोजावी लागते का?

एक रस्ता धरला की दुसरा बंद झाला पाहिजे. ‘मास इफेक्ट’ (२००७) मध्ये एका मोहिमेत दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. तुमचा सेव्ह पुढच्या भागांत नेला, तर गेलेला साथीदार तिथेही परत येत नाही. साहजिकच दुसऱ्याला वाचवलं असतं तर काय झालं असतं, हे डोक्यात राहतं आणि गेम पुन्हा सुरू होतो.

याउलट काही गेममध्ये तीन उत्तरं दिसतात, पण कोणतंही निवडलं तरी पुढे तेच घडतं. असा गेम पहिल्यांदा छान वाटतो. दुसऱ्या वेळी मात्र पोल उघडी पडते.

२. खेळण्याची पद्धत बदलता येते का?

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये पात्रासाठी १२ वर्ग आहेत. योद्धा घेतला तर दार फोडून आत शिराल, चोर घेतला तर कुलूप उघडाल, गोड बोलणारा गायक घेतला तर पहारेकऱ्यालाच गुंडाळाल. जागा तीच, पण डोकं वेगळं चालवावं लागतं. फक्त तलवारीचा रंग आणि आकडे बदलत असतील, तर त्याला वेगळी पद्धत म्हणता येणार नाही.

३. गेमला तुमचा आधीचा खेळ आठवतो का?

‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) या जपानी गेमने ‘न्यू गेम प्लस’ हा शब्द रूढ केला. गेम संपल्यावर कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मग शेवटच्या शत्रूला आधीच गाठता येतं आणि कधी हरवलं त्यावर शेवट बदलतो. हा गेम मोबाइलवरही विकत मिळतो, म्हणजे कन्सोल नसला तरी ही गंमत अनुभवता येते.

‘अंडरटेल’ (२०१५) यापुढे जातो. यात कुणालाही न मारता गेम पूर्ण करता येतो. सगळ्यांना मारून टाकलं, तर नंतर चांगलं वागूनही शेवटावर त्या पापाची सावली राहते. ‘निअर ऑटोमाटा’ (२०१७) मध्ये दुसऱ्या खेपेला तीच कथा दुसऱ्या पात्राच्या नजरेतून दिसते.

पुन्हा खेळला नाही, म्हणजे गेम वाईट का?

अजिबात नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) बघा. भावाला शोधायला निघालेली राजी, हातात त्रिशूळ आणि धनुष्य, भोवती राजवाडे आणि पुराणकथा. हा आरपीजी नाही, सरळ रेषेत जाणारा ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे आणि काही तासांत संपतो. एखादा चांगला सिनेमा बघावा तसा तो एकदा मनापासून खेळावा. फक्त त्याच्याकडून तीन-चार शेवटांची अपेक्षा ठेवू नका.

घेण्याआधी काय तपासायचं?

• एकाच प्रसंगाचे दोन वेगवेगळ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघा. दोघांकडे वेगळं घडत असेल, तर गेममध्ये दम आहे.
• पहिली खेप किती तासांची, ते बघा. ३० तासांचा गेम पुन्हा खेळणं जमतं. १०० तासांचा गेम परीक्षेच्या वर्षात पुन्हा सुरू होणं कठीणच.
• ऐकलेले संवाद पुढे ढकलायची सोय आहे का? नसेल तर दुसरी खेप कंटाळवाणी होते.
• सेव्हच्या जागा किती? एकच कन्सोल भावंडांत वाटून खेळत असाल, तर हे आधी बघा.
• डिस्क मिळत असेल तर तिचा विचार करा. मित्राला देता येते, नंतर विकताही येते. मात्र डिस्क घेतली तरी अपडेटला डेटा लागू शकतो.

‘२०० तासांचा गेमप्ले’ अशा जाहिरातीला भुलू नका. त्यातले कितीतरी तास पिसं, नाणी नि पेट्या गोळा करण्यात जातात. गेम संपल्यावर ‘मी वेगळं वागलो असतो तर?’ असं वाटलं आणि त्याचं खरं उत्तर गेममध्येच सापडलं, तर तुमचे पैसे वसूल झाले समजा.