लोणारचे सूक्ष्मजीव, अंटार्क्टिकाचा पांढऱ्या रक्ताचा मासा आणि ऑक्सिजन पकडणारी प्रथिनं

स्मार्टवॉचवर ऑक्सिजनचा आकडा दिसतो, तेव्हा घड्याळ थेट ऑक्सिजन मोजत नसतं. ते त्वचेवर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला किती शोषतं ते बघतं. ऑक्सिजन पकडलेलं आणि रिकामं, अशा दोन्ही हिमोग्लोबिनचा रंग वेगळा असतो, त्यावरून आकडा निघतो. हेच घड्याळ अंटार्क्टिकाच्या आइसफिशला बांधलं, तर ते गोंधळून जाईल. कारण त्या माशाच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही! त्याचं रक्त जवळजवळ पारदर्शक, पांढुरकं असतं.

हिमोग्लोबिनची रचना थोडक्यात अशी: ग्लोबिन नावाच्या प्रथिनाची घडी, तिच्यात हीम नावाचा रेणू आणि हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन या लोहाला चिकटतो आणि गरज असेल तिथे सुटतो. स्नायूंमधलं मायोग्लोबिन त्याचंच भावंड.

हे डिझाइन रक्तापेक्षाही जुनं आहे. त्याचा एक धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सापडतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले होते. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे मिठात रमणारे एकपेशीय जीव. गुलाबी रंग त्यांच्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा होता, ग्लोबिनचा नाही. हा गैरसमज नको.

पण याच गटातल्या हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरम या जीवात (नावात बॅक्टेरियम असलं तरी हा आर्कियाच) २००० साली शास्त्रज्ञांनी हेमॅट नावाचं, मायोग्लोबिनसारखं प्रथिन दाखवून दिलं. एका पेशीला ऑक्सिजन वाहून न्यायची गरजच काय? त्यामुळे हेमॅट डिलिव्हरीचं काम करत नाही, ते सेन्सर आहे. हीमला ऑक्सिजन चिकटला की आत सिग्नल जातो आणि पेशी जास्त ऑक्सिजनपासून दूर पोहते. म्हणजे तीच लायब्ररी, फक्त वापर वेगळा.

आता थोडं भौतिकशास्त्र. पाणी जितकं गरम आणि खारट, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात आटत जाणारं खारं सरोवर हे त्याचं एक टोक. दुसरं टोक म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपासचा अंटार्क्टिक समुद्र, ऑक्सिजनने भरलेला.

याच समुद्रात आइसफिशच्या पूर्वजांनी हिमोग्लोबिन गमावलं. नॉर्वेच्या योहान रूड यांनी १९५४ मध्ये ही गोष्ट जगासमोर मांडली. प्रौढपणी हिमोग्लोबिनशिवाय जगणारे पृष्ठवंशी प्राणी फक्त याच कुळात आहेत. पुढे जीन वाचल्यावर दिसलं, की बहुतेक जातींत बीटा ग्लोबिनचा जीन पूर्ण डिलीट झालाय आणि अल्फाचा नुसता शेपटाकडचा तुकडा उरलाय. सहा जातींच्या हृदयात तर मायोग्लोबिनही नाही, आणि तेही एकाच वेळी नाही, वेगवेगळ्या म्युटेशनमुळे वेगवेगळं गेलं.

मग ऑक्सिजन पोचतो कसा? तो थेट प्लाझ्मात विरघळतो. पण त्यात लाल रक्ताच्या नातेवाईकांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऑक्सिजन मावतो. ती तूट भरायला मोठं हृदय, रुंद रक्तवाहिन्या आणि भरपूर रक्त लागतं. काही ठिकाणी वाचायला मिळतं, की पातळ रक्त हा थंडीतला फायदाच. थंडीत रक्त घट्ट होतं हे खरं, पण पंपावर एवढा खर्च करावा लागत असेल, तर मला तो फायदा वाटत नाही. म्युटेशन नुकसानीचंच होतं आणि गार, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यामुळे मासा निभावला, हे काही संशोधकांचं मत मला जास्त पटतं.

अडचण पुढे आहे. समुद्र तापला की विरघळलेला ऑक्सिजन घटतो, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढते. लाल रक्ताचे मासे हिमोग्लोबिनच्या जोरावर काही काळ ताण सोसू शकतात. आइसफिशकडे रिस्टोअर करायला बॅकअपच नाही. निओपॅजेटोप्सिस आयोना या एकाच जातीत अल्फा-बीटा जोडीचे मोडके अवशेष शिल्लक आहेत, पण त्यांतूनही चालणारं प्रथिन बनत नाही.