तंबोऱ्याचा नाद कोठें ठेवावा?

बुलढाणा जिल्ह्यांत, जिजाऊंचें जन्मस्थान जें सिंदखेड राजा त्याच्याच तालुक्यांत, दुसरबीड नांवाचें गांव आहे. अशी कल्पना करा कीं, या गांवांतील एका तरुणानें भजनांना चाली लावण्यासाठीं संगणक घेतला आहे आणि साथीला त्याला तंबोरा हवा आहे. मिरजेचा खरा तंबोरा घेण्याची ऐपत नाहीं. घेतला तरी त्याची जवारी लावणारा हात जवळपास नाहीं. तेव्हां तो त्या वाद्याच्या नादाचे मुद्रित नमुने विकत घेतो. पट्टी दाबली कीं तारेचा नाद उमटतो. आतां प्रश्न एवढाच उरतो कीं, हे नमुने सांठवावयाचे कशांत? प्रश्न दिसतो दुकानदाराला विचारण्याजोगा. परंतु त्याच्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे.

प्रथम तंबोऱ्याचा स्वभाव पाहूं. पंढरपूरकडील भोपळ्यांपासून मिरजेचे कारागीर हें वाद्य घडवितात. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा योग्य जागीं सरकविला म्हणजे जवारी उघडते. मग तार छेडल्यावर तिचा नाद कित्येक सेकंद राहतो आणि त्या अवधींत तो सारखा बदलत असतो. एकामागून एक स्वयंभू स्वर त्यांतून उमलतात. म्हणून हा नाद मध्येंच तोडतां येत नाहीं, किंवा त्याचा एक तुकडा घेऊन तोच घोळवीत बसतां येत नाहीं. ध्वनि सांठविणाऱ्या प्रत्येक साधनाची परीक्षा घ्यावी ती या तारेनेंच.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, आणि १९०८ मध्यें तेथेंच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. या तबकड्यांना लागणारी लाख आपल्याच देशाची. पण एका बाजूवर मावे तें गाणें सुमारें तीन मिनिटांचें. मिरजेस वास्तव्य केलेले अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. ज्या गायकीला मैफिलींत तासहि अपुरा पडावा, ती त्यांनाहि तीन मिनिटांत बसवावी लागली. भांडें जेवढें, तेवढेंच पाणी! सांठवणीच्या साधनानें गाण्यालाच आकार दिला, ही गोष्ट येथें प्रथम दिसून आली.

पुढें नाद नुसता ऐकण्यासाठीं न ठेवतां वाजविण्यासाठीं ठेवावा, ही कल्पना निघाली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १९६३ मध्यें मेलोट्रॉन नांवाचें वाद्य आलें. त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली कीं फीत धांवे, आणि आठ सेकंदांनीं ती संपे. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील फेअरलाइट यंत्रानें नादाचें अंकांत रूपांतर केलें, परंतु त्याच्या स्मृतींत एका नादास सुमारें एका सेकंदाचीच जागा होती. पुढचा नाद तोच तुकडा फिरवून काढावयाचा! या दोन्ही परीक्षांत आपली तार अनुत्तीर्णच राहिली असती.

मार्ग निघाला तो १९९८ च्या सुमारास, गिगासॅम्पलर नांवाच्या आज्ञावलींत. तिची युक्ति सोपी होती. प्रत्येक नादाचा केवळ आरंभ संगणकाच्या स्मृतींत ठेवावयाचा. तो वाजत असतां उरलेला भाग हार्ड डिस्कवरून आणावयाचा. आतां नाद कितीहि लांब असला तरी चालूं लागला.

परंतु अडचणीनें जागा बदलली. थोडें गणित करूं. उत्तम प्रतीच्या मुद्रणांत सेकंदाला ४८,००० मापें, प्रत्येक मापास ३ बाइट आणि दोन कानांसाठीं दोन मार्ग, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. बारा पट्ट्या, चार तारा, प्रत्येक तारेचे पांच आघात आणि प्रत्येक आघात बारा सेकंदांचा धरला, तर एका तंबोऱ्याचे ८३ कोटी बाइट होतात. वाद्यवृंदाचीं भांडारें शेंकडों गिगाबाइटांचीं असतात. भजनाच्या रचनेंत एका वेळीं २०० नाद चालले, तर सेकंदाला सुमारें पावणेसहा कोटी बाइट हवेत. इतके बाइट हार्ड डिस्क सहज देऊं शकते. पण ते सलग ठेवलेले असतील तरच. येथें ते दोनशें ठिकाणीं विखुरलेले असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचकसुई योग्य जागीं पोंचण्यास सुमारें १२ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला फार तर ८० जागा. प्रत्येक नादाचा पाव सेकंदाचा तुकडा एका वेळीं उचलला तरी गरज ८०० जागांची. परिणाम असा कीं, भर भजनांत नाद तुटतो.

या सुईची धांवपळ संपविली ती तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांच्या संशोधनानें. १९८७ सालीं जगापुढें आलेल्या त्यांच्या नॅन्ड स्मृतींत फिरणारें कांहींच नाहीं. सूक्ष्म कोशांत विद्युत्‌भार कोंडलेला असतो. तिच्यावरच आजचा एसएसडी उभा आहे. कोणतीहि जागा गांठण्यास त्याला सहस्रांश सेकंदाचा दहावा हिस्साहि पुष्कळ होतो.

तेव्हां आपल्या तरुणानें काय घ्यावें? हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येणें, हीच मोठी उडी. साध्या साटा जोडणीचा एसएसडी सेकंदाला सुमारें ५५ कोटी बाइट देतो, म्हणजे वरील गरजेच्या नऊपट. एनव्हीएमई घेतला तर भांडार उघडण्याचा वेळ वांचेल, परंतु तंबोरा अधिक गोड वाजणार नाहीं. एका कोशांत चार बिट भरणारे स्वस्त प्रकार वारंवार लिहिण्यानें लौकर झिजतात. पण नमुन्यांचें भांडार एकदां लिहावयाचें आणि हजारदां वाचावयाचें असतें, म्हणून त्यांस तेहि चालतात. वेगापेक्षां जागेवर पैसा खर्चावा, आणि थोडी जागा नेहमीं रिकामी ठेवावी.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. कोशांतील भार विजेवांचून वर्षानुवर्षें पडून राहिला तर हळूहळू गळतो. लाखेची जुनी तबकडी शंभर वर्षांनंतरहि सुईखालीं गाते. कपाटांत विसरलेल्या एसएसडीबद्दल तशी खात्री देतां येत नाहीं. म्हणून वाजविण्याचें भांडें वेगळें आणि जपण्याचें वेगळें असावें. वाजविण्यास एसएसडी; जपण्यास तीच मंद, स्वस्त हार्ड डिस्क, आणि तिचीहि एक प्रत दुसऱ्या घरीं.

हें सांगण्याचें कारण नमुन्यांच्या किंमतींत नाहीं. विकत घेतलेले नमुने पुन्हां मिळतील. परंतु उद्यां हाच तरुण आपल्या गांवच्या एखाद्या वृद्धाचा संबळ किंवा एकतारी मुद्रित करूं लागला, तर तो नाद जगांत दुसरीकडे कोठेंहि नसेल. जवारी लावणारा हात जातो, तेव्हां त्याची प्रत काढतां येत नाहीं. त्याच्या नादाची मात्र काढतां येते. ती एकाच जागीं ठेवूं नये, एवढेंच आपल्या हातीं आहे.