बग नंबर २७१२

आजचा एपिसोड एका बगवर. भाषा स्काला, बग नंबर २७१२. मी ऑफिसात रोज स्काला लिहितो, म्हणून ही गोष्ट मला जवळची.

आधी प्रश्न समजून घेऊ. ‘लिस्ट’ला एकच टाइप पॅरामीटर असतो. इंटची लिस्ट, स्ट्रिंगची लिस्ट. ‘ईदर’ला दोन: डावीकडे एरर, उजवीकडे उत्तर. आता एखादं जेनेरिक फंक्शन म्हणतं, ‘मला एकच जागा रिकामी असलेला टाइप द्या.’ मग काय करायचं? डावीकडे स्ट्रिंग पक्कं करायचं, उजवी जागा मोकळी सोडायची. टाइप पॅरामीटर अर्धवट लावणं म्हणतात ते हेच.

हास्केलमध्ये हे सहज जमतं. मार्क जोन्स यांनी १९९३ मध्ये कन्स्ट्रक्टर क्लास मांडले, १९९६ च्या हास्केल १.३ मध्ये ते आले. ‘ईदर स्ट्रिंग’ लिहा, काम झालं. जागा भरायच्या त्या डावीकडूनच.

स्कालात २००७ पासून असे जेनेरिक लिहिता येऊ लागले. पण समोर ‘ईदर’ आला की कंपायलर अडायचा. मग लोक हाताने सांगायचे: एक निनावी टाइप, त्याच्या पोटात दुसरा टाइप, आणि हॅश लावून तो बाहेर काढायचा. याला ‘टाइप लॅम्डा’ म्हणायचे. वाचताना डोकं गरगरतं! काइंड प्रोजेक्टर प्लगिनमुळे लिहिणं सोपं झालं, पण ओळखणं कंपायलरला जमेना.

का बरं? कारण कुठली जागा मोकळी ठेवायची, याची उत्तरं अनेक. आणि सगळ्या शक्यता तपासून हे कोडं नेहमी सोडवेल असा अल्गोरिदमच नसतो. वॉरन गोल्डफार्ब यांनी १९८१ मध्येच अशा प्रकारच्या कोड्याबद्दल ते सिद्ध केलं होतं.

२०१६ मध्ये माइल्स सेबिन यांनी सगळं सोडवायचा नादच सोडला. त्यांचा नियम साधा: डावीकडचे पॅरामीटर पक्के, उजवीकडचे मोकळे. २.१२ मध्ये त्यासाठी फ्लॅग लावावा लागायचा, २०१९ च्या २.१३ पासून तो नियम आपोआप लागू झाला. २०२१ च्या स्काला ३ मध्ये टाइप लॅम्डालाही स्वतःचं सुटसुटीत लिखाण मिळालं.

मला यातलं भारी काय वाटतं? पूर्ण उत्तर अशक्य होतं, अर्धं पुरेसं ठरलं. त्याची किंमत एकच: आता पॅरामीटरच्या क्रमाला अर्थ आहे. तेव्हा स्वतःचा टाइप लिहाल, तेव्हा जो मोकळा हवा तो शेवटी ठेवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!