विद्युत् जोडणी, हौशी यंत्रमानवातील

बॅटरीपासून नियंत्रक, मोटर व संवेदक यांच्यापर्यंत प्रवाह आणि संदेश पोचविणाऱ्या तारा व त्या सोडता-जोडता याव्यात म्हणून त्यांच्या टोकांस बसविलेले कनेक्टर यांची योजना. सांगाडा व आज्ञावली यांच्या मानाने हा विषय गौण लेखण्याचा शिरस्ता पडला आहे. तथापि चालत्या यंत्रास सतत हादरे बसत असल्याने ते मध्येच बंद पडले, तर दोष पुष्कळदा सैल जोडणीतच सापडतो.

तारेची जाडी : मोकळी फिरणारी मोटर जो प्रवाह घेते तो प्रमाण मानून तार निवडणे सर्वथैव अनुचित होय; कारण चाक अडकून मोटर जागीच थोपली गेली म्हणजे प्रवाह अनेक पटींनी वाढतो, आणि तारेची तजवीज त्या वाढीव प्रवाहास अनुसरूनच केली पाहिजे. 22 अमेरिकन गेजच्या तांब्याच्या तारेचा (व्यास 0.644 मिमी.) रोध दर मीटरला सुमारे 0.053 ओहम असतो. म्हणजे जाण्या-येण्याची मिळून 1 मीटर तार वापरून तीतून 10 अँपिअर प्रवाह नेल्यास अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब तारेतच खर्ची पडतो. 14 गेजच्या तारेत हाच खर्च 0.1 व्होल्टच्या आत राहतो. मोटर सुरू होताच नियंत्रक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू होतो, त्याच्या मुळाशी बहुधा ही दाबाची घट असते. म्हणून नियंत्रकास मोटरच्या तारेतून फाटा न देता बॅटरीपासून स्वतंत्र तार नेणे श्रेयस्कर. ब्रिटिश गेजमधील 22 क्रमांकाची तार 0.711 मिमी. व्यासाची असते, यास्तव खरेदी करताना क्रमांकापेक्षा चौरस मिलिमीटरांतील छेदक्षेत्र पाहावे. हलत्या सांध्यांत एकसंध तार लवकरच तुटते. तेथे बारीक तंतूंची तारच हवी.

कनेक्टर : प्रवाहक्षमतेइतकेच महत्त्व तो उलटा बसू न शकण्यास आहे. बॅटरीसाठी रूढ असलेल्या एक्सटी-60 या पिवळ्या कनेक्टरची एक बाजू तासलेली असल्याने धन व ऋण टोकांची अदलाबदल होत नाही. त्याचा ज्यात धातू आत झाकलेला राहतो तो मादी भाग बॅटरीकडे ठेवतात. सर्व्हो मोटरच्या तीन तारांच्या कनेक्टरात धन तार मधोमध असते, त्यामुळे तो उलटा बसला तरी सहसा हानी होत नाही. 2.54 मिमी. अंतराच्या पिनांवरील सुटे ड्यूपाँट कनेक्टर प्रयोगापुरते ठीक. खिटी नसल्याने धावत्या यंत्रात त्यांवर भिस्त ठेवू नये.

क्रिंप की डाख : याविषयी मतभेद आहे. क्रिंप करताना, म्हणजे कनेक्टरच्या धातूच्या पाकळ्या तारेवर दाबून बसविताना, पुढच्या पाकळ्या उघड्या तांब्यावर व मागच्या पाकळ्या आवरणावर बसाव्यात. हे काम साध्या पक्कडीने नीट साधत नाही. डाख दिलेली तार ताठरते, व जेथे डाख संपतो तेथे वाकवाकून तुटते. स्क्रूखाली दाबावयाच्या टोकास मात्र डाख देऊ नये. तो दाबाखाली हळूहळू पसरून पकड ढिली होते.

फ्यूज : धन तारेत, बॅटरीच्या शक्य तितका जवळ, तारेच्या क्षमतेहून कमी अँपिअरचा.

आवरण : मोटरच्या तारांस सिलिकोन, इतरत्र पीव्हीसी.

प्राप्तिस्थान : मुंबईत लॅमिंग्टन रोड.