उंच घराचा कणा

दिवाळी आली की घोडपदेवच्या जुन्या चाळींच्या कठड्यांना वेळूच्या काठ्या बांधल्या जातात आणि त्यांवर आकाशकंदील डोलू लागतात. याच घोडपदेवात, न्यू हिंद मिलच्या जागेवर, म्हाडाने गिरणी कामगारांसाठी उभारलेल्या उंच इमारती आहेत. मुंबईचा कामकरी माणूस शंभर वर्षांत एवढा वर कसा चढला, ही कथा ऐकण्याजोगी आहे.

१८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्त्यांची लक्तरे वेशीवर टांगली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. ऐसपैस बसलेल्या या ठेंगण्या चाळींना वाऱ्याची फारशी फिकीर नव्हती.

जागा महागली तशी घरे उभी वाढू लागली, आणि वारा आडवा आला. उंच घराला त्याचे वजनच तेवढे जड जात असेल, असे आपल्याला वाटते; पण सडपातळ घराची खरी परीक्षा वारा घेतो. वारा तेवढाच धरला तरी उंची दुप्पट होताच बुडाशी उलथवणारा जोर चौपट होतो. जाडी तीच राहिली तर शेंड्याचे डोलणे सोळापट! मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरावा, असे भारतीय मानक सांगते.

यावर उपाय म्हणजे कणा. कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. वास्तुकार चार्ल्स कोरिया, अभियंते शिरीष पटेल. २१ मीटर चौरस बुडावर सुमारे ८४ मीटर उंची. लिफ्टभोवतीचा काँक्रीटचा गाभा हाच तिचा कणा. सेंटरिंगचा साचा वर सरकवीत तो आधी चढवला, घरे मागाहून आली.

ती इमारत श्रीमंतांची. तिचे काम संपत आले, तेव्हा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरण्या थंडावल्या होत्या. त्याच गिरण्यांच्या जमिनीवर पुढे कामगारांना २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. आता उंच घराचे शास्त्र त्यांच्याही दाराशी आले आहे.

म्हणून, वाचकहो, सणाच्या डागडुजीत एक गोष्ट ध्यानात असू द्या. कपाटाला जागा हवी म्हणून भिंत फोडण्याचा मोह लहान घरात होतोच. पण उंच इमारतीत काही भिंती नुसत्या आडोशाच्या, तर काही लोखंडी सळयांच्या, वारा झेलणाऱ्या असतात. रंगाच्या हाताखाली दोन्ही सारख्याच दिसतात. हातोडा उचलण्याआधी अभियंत्याला विचारावे. कणा एकट्याच्या घरातून गेला तरी तो साऱ्या बिऱ्हाडांचा असतो.